हिरवं पाणी

"तुह्या सासऱ्याले गाडीजवय एकटा नको सोडू, मोनाली. त्याचे हात गप्प नही राहत."

सासूबाईंनी, म्हणजे ताईबाईंनी, हे सांगितलं ते दिवाळीत, अंगणात भांडी घासता घासता. मोनाली ओट्यावर रेवाला वरणभात भरवत होती. तिनं हसून मान डोलावली आणि विषय तिथेच संपवला. त्यांना सासऱ्यांचं, आबांचं, काहीच पटत नसे. आबांनी पंप दुरुस्त केला तरी त्या बोलत, आबांनी लिंबाची फांदी छाटली तरी बोलत. आता गाडीवरून बोलतायत, इतकंच तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर म्हातारा माणूस सुनेची गाडी पुसून देतो, टायरवरचा चिखल काडीनं काढतो, याचं तिला थोडं कौतुकही होतं. तिच्या माहेरी असं कोणी केलं नसतं.

मोनाली, तिचा नवरा भूपेंद्र आणि तीन वर्षांची रेवा जळगावात मेहरूणला राहत. भूपेंद्र एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर. मोनाली रेवा होईपर्यंत एका पतपेढीत काउंटरवर होती, आणि काउंटरवर बसलेल्या माणसाला लागते ती सवय तिला कायमची लागली होती. समोरचा काय बोलतो यापेक्षा तो बोलताना कुठे पाहतो, ते बघायचं. सासर मुक्ताईनगरच्या पुढे, केळीच्या पट्ट्यात. सणावाराला, कधी नुसतंच आबांना नातीची आठवण आली म्हणून, गाडी तिकडे जायची.

गाडी बंद पडली ती अशाच एका फेरीहून परत येताना. चैत्रातली भर दुपार. रेवाला गावातच कणकण होती, वाटेत ताप चढला. मागच्या वर्षी तापात तिला झटका आला होता. डोळे पांढरे झालेले, दातखीळ बसलेली. ते दृश्य मोनालीच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. म्हणून ती भूपेंद्रला सारखी म्हणत होती, जरा जोरात, जरा जोरात. वरणगाव मागे पडलं, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, आणि गाडीतल्या तापमानाच्या काट्यानं लाल रेघ ओलांडली. आधी एसीतून गरम वारा आला, मग बॉनेटखालून वाफ, मग खडखड आवाज करून सगळं शांत.

झाड म्हणून एक बाभूळ, तीही रस्त्याच्या पलीकडे. तिनं पाण्याच्या बाटलीत ओढणी बुडवून रेवाच्या कपाळावर, काखेत, पायांवर घडी ठेवली आणि दर थोड्या वेळानं तिच्या पापण्या उचलून पाहत राहिली. एका टेम्पोवाल्यानं त्यांना भुसावळच्या दवाखान्यात सोडलं. झटका आला नाही. पण त्या बाभळीखाली मोनालीनं एक गोष्ट मनाशी पक्की केली: खात्री नसलेल्या गाडीत ही पोर पुन्हा बसणार नाही.

गाडी ओढून जळगावला शालिग्रामच्या गॅरेजात नेली. शालिग्राम भूपेंद्रचा शाळेतला मित्र. बोलायला गोड, हिशेबाला ढिला, आणि गाडीचं सगळं काम पहिल्यापासून त्याच्याचकडे. त्यानं तेलाची पट्टी ओढून दाखवली. तेलाचा पार दुधाचा चहा झाला होता.

"पाणी तेलात शिरलंय, वहिनी. इंजिनाचं वरचं हेड खोलावं लागेल."

हेड खोललं त्या दिवशी मोनाली मुद्दाम गेली, रेवाला शेजारच्या कुंदाबाईंकडे ठेवून. शालिग्रामनं दोन वाटा सांगितल्या. एक, हेच इंजिन पुन्हा बांधायचं. हेड दुसरं बसवायचं, पिस्टन रिंगा नव्या, ब्लॉक घासून घ्यायचा. वेळ लागेल, आणि आत ब्लॉक किती खाल्ला गेलाय हे धुतल्याशिवाय कळणार नाही. दुसरी, धुळ्याला एका यार्डात याच मॉडेलचं वापरलेलं इंजिन आलंय, ते उचलून आणायचं आणि आठवड्याच्या आत गाडी रस्त्यावर. त्याचा कल दुसरीकडे होता, हे त्याच्या बोलण्यातून कळत होतं. पहिली वाट सांगताना तो मान खाजवत होता. दुसरी सांगताना त्यानं फोन बाहेर काढून फोटोही दाखवला.

मोनाली मात्र उघड्या इंजिनात बघत होती. पाणी फिरायच्या भोकांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, आणि त्यावर पांढरा, मध्येच निळसर झाक असलेला थर बसला होता. मिठाच्या मडक्यावर बसावा तसा.

"हे काय?"

"तेच तर कळत नाही," शालिग्राम म्हणाला. "यात हिरवं पाणी पाहिजे होतं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट. त्याचा थेंब नाही. कोणीतरी भलतंच पाणी टाकलंय यात."

मोनालीच्या मनात पाल चुकचुकली. हिवाळ्यातल्या सर्व्हिसिंगला याच माणसानं कूलंट बदलल्याचं सांगितलं होतं आणि त्याचे पैसेही घेतले होते. गाडी दुसऱ्या कोणा मेकॅनिककडे गेलीच नव्हती. मग हिरवं पाणी गेलं कुठे? एक तर ते कधी टाकलंच गेलं नाही. आणि टाकलंच नसेल, तर आता 'भलतंच पाणी' म्हणून दुसऱ्यावर ढकलणं सोयीचं होतं. तिनं फोनमध्ये त्या थराचे फोटो काढले. शालिग्राम बघत होता. त्याला ते आवडलं नाही; त्यानं फडकं उचलून हात पुसायला घेतले.

घरी आल्यावर तिनं भूपेंद्रला हे सांगितलं. त्यानं जेवता जेवता ऐकून घेतलं आणि म्हणाला की शालिग्राम तसा नाही. मोनालीनं विचारलं, कसा नाही? त्यानं आणखी एक भाकरी घेतली. नंतर बोलण्याच्या ओघात त्याच्याकडूनच निसटलं की धुळ्याचा यार्डवाला निंबा हा शालिग्रामचा साडू आहे.

"हे तुम्ही आता सांगताय?"

"विचारलंस कुठे?" भूपेंद्र म्हणाला आणि ताक वाढून घेतलं.

तरी धुळ्याला जायचं ठरलं, कारण मोनालीला स्वतः पाहायचं होतं. एसटीनं गेले, पारोळ्यामार्गे, खिडकीला ओला टॉवेल लावून. यार्ड महामार्गाला लागून होतं. दारं नसलेल्या गाड्या, गाड्या नसलेली दारं, ओळीनं मांडलेली इंजिनं. निंबा अंगानं भरलेला, पांढरा सदरा, कपाळाला अष्टगंध. त्यानं आधी रसवंतीवरून उसाचा रस मागवला, मग त्यांना त्या इंजिनापाशी नेलं. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं होतं आणि चकाचक होतं. मोनालीला तेच खटकलं. बाकीची सगळी धुळीनं माखलेली, आणि हे एकटंच नवरदेवासारखं न्हाऊन बसलेलं.

"धुतलं का हे?"

"डिझेलनं पुसलं, ताई. गिऱ्हाइकाला घाण दाखवायची का?"

त्यानं बॅटरी लावून ते चालू करून दाखवलं. आवाज गुळगुळीत होता, धूर नव्हता. भूपेंद्रचा चेहरा उजळला. मोनालीनं विचारलं, कुठल्या गाडीचं? निंबा म्हणाला, महामार्गावर ठोकलेली गाडी, मागून ठोकली होती, पुढचं सगळं शाबूत. ती गाडी बघायला मिळेल का? नाही, ती कापून गेली. कोणाची होती? आता ते कोण लक्षात ठेवतं. गॅरंटी? चालू करून दिलं ना तुमच्यासमोर, तीच गॅरंटी. मोनाली खाली वाकली आणि इंजिनावरचा नंबर कुठे आहे ते शोधू लागली. नंबर होता. पण त्याच्या आसपासचा पत्रा घासल्यासारखा चमकत होता, आणि शेवटचे दोन आकडे बाकीच्यांपेक्षा जरा उथळ वाटले. ते उन्हामुळे नुसतं वाटलं, की खरंच तसं होतं, हे नंतरही तिला ठरवता आलं नाही. इंजिन बदललं की त्याचा नंबर आरटीओत नोंदवावा लागतो एवढं तिला ठाऊक होतं. तिनं कागदाचं विचारलं. निंबा म्हणाला, कागद होऊन जातील.

"होऊन जातील म्हणजे आहेत की नाहीत?"

निंबा आता हसला, भूपेंद्रकडे बघून. "भाऊ, इतकी चौकशी तर लोक पोरगी बघायला जातात तेव्हा नाही करत."

"करायला पाहिजे होती," मोनाली म्हणाली.

भूपेंद्रनं रसाचा ग्लास खाली ठेवला. उद्या कळवतो असं सांगून दोघं निघाले. परतीच्या बसमध्ये तो पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, की तुला सगळेच चोर दिसतात, शालिग्राम चोर, निंबा चोर, अशानं गाडी गॅरेजातच गंजून जाईल. मोनालीनं खिडकीचा ओला टॉवेल नीट केला. तिला चोर कोण हे नको होतं. तिला इतकंच हवं होतं, की आत काय झालं ते कोणीतरी सांगावं. परक्या गाडीचं इंजिन घ्यायचं तर त्याच्या पोटात काय गेलंय ते ठाऊक नाही. आणि आपलं बांधून घ्यायचं तर आपल्याच गाडीच्या पोटात काय गेलं, तेही ठाऊक नाही.

असं अडून बसलेलं असतानाच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात लेक आखाजीला माहेरी येतेच. भूपेंद्रची बहीण रूपा सुरतेहून आली, नवरा किरण आणि कुशीत पाच-सहा महिन्यांचं बाळ घेऊन. मोनालीची गाडी बंद, म्हणून त्यांनी जळगावला थांबून तिघांना उचललं. चॉकलेटी रंगाची गाडी, मागच्या काचेवर बाळासाठी लावलेला हत्तीच्या चित्राचा पडदा. मोनालीचं लक्ष सवयीनं तापमानाच्या काट्याकडे गेलं. काटा मधल्या रेघेच्या जरा वरच होता. तिनं विचारल्यावर किरण म्हणाला, की येताना कोंडाईबारीच्या घाटात जास्तच वर गेला होता, पण उन्हाळा आहे, चालायचंच. तीन वर्षं आखाजी-दिवाळीला हीच गाडी आणतोय, कधी नाटक केलं नाही तिनं. मोनालीला पुढे बोलावंसं वाटलं. पण सणाला आलेल्या नंदेला आपल्या बंद गाडीचं भूत दाखवायचं कशाला, म्हणून ती गप्प बसली.

गावात सण चांगला झाला. पितरांची घागर भरली, आमरस आणि खापरावरचे मांडे झाले, लिंबाला झोका बांधला. गावातले पुरुष पत्ते खेळत बसले आणि आबा नेहमीप्रमाणे पत्त्यांत न बसता पाहुण्यांच्या गाड्यांभोवती फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी रूपा-किरण निघाले. ताईबाईंनी डोळे पुसले, शिदोरी दिली, बाळाच्या गालाला काजळाचं बोट लावलं.

ते गेल्यावर तीन-चार तासांनी, घरातलं आवरून, मोनाली रेवाला घेऊन घरामागच्या केळीच्या बागेकडे गेली. पंपाच्या खोलीबाहेर ठिबकचा मोठा फिल्टर होता, शेजारी खत सोडायचा निळा ड्रम, आणि पुढच्या पाइपाला एक तोटी. रेवाचे हात चिखलानं भरले होते. तिनं धावत जाऊन तोटीला हात घातला.

"अवो, ते पानी नको," मागून ताईबाई ओरडत आल्या. "खताचं हाय ते. पोरगी तोंडात घालीन."

मोनालीनं रेवाचा हात ओढून घेतला. तिची नजर तोटीवर गेली आणि तिथेच राहिली. तोटीच्या तोंडाभोवती पांढरा थर चढला होता, मध्येच निळसर झाक असलेला. तिनं फोन काढला आणि गॅरेजातला फोटो शोधला. फोटो तोटीशेजारी धरला.

आबा फिल्टरमागून आले. धोतर खोचलेलं, हातात पाच लिटरचा कॅन. तिनं शक्य तेवढ्या सहज विचारलं, आबा, या तोटीचं पाणी तुम्ही गाडीत टाकता का?

आबांचा चेहरा फुलला. कोणीतरी विचारलं याचाच त्यांना आनंद झाला होता. बोरचं पाणी खारं, त्यानं पातेल्याला पापुद्रा धरतो, ते गाडीत घालणं त्यांना पटत नव्हतं. हे पाणी मात्र वाळूतून, जाळीतून गाळून येतं.

"फिल्टरचं पानी हाय, बेटा. कन नही त्याच्यात. तुमची गाडी आली की पह्यले ते हिरवं सडेल पानी काढी टाकतो. डबक्यातल्या शेवायासारखं झालं राहते ते. मंग हे पाजतो."

"हिरवं पाणी तुम्ही काढून टाकता?"

"दर खेपेले. त्या शालिग्रामले काही समजत नही, त्याच्याकडून गाडी आली की हिरवं पानी असतेच." ते हसले. "काल संध्याकायी किरणच्या गाडीतलं बी काढलं. लई हिरवं होतं. नवं भरी देलं."

मोनालीनं रेवाला ताईबाईंकडे दिलं. तिनं भूपेंद्रला हाक मारली. तो आला, तिनं दोन्ही दाखवलं, तोटी आणि फोटो. त्यानं तोटीवर बोट फिरवून पाहिलं. मग तिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, आबांना सांगू नको. सण आहे. गाडीचं काय ते आपण बघून घेऊ.

"रूपाताईंची गाडी रस्त्यावर आहे," मोनाली म्हणाली. "बाळ आहे त्यात."

तिनं तिथूनच शालिग्रामला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, नुसतं खत, की ॲसिडही सोडता ठिबकला? मोनालीनं आबांकडे पाहिलं. आबा आता हसत नव्हते. नळ्यांत खार साचला की ॲसिड सोडतात, हे बागेत सगळ्यांनाच माहीत होतं. आबा म्हणाले, काल सकाळीच सोडलं होतं. सणाच्या गडबडीआधी नळ्या मोकळ्या करायच्या होत्या.

फोनवर शालिग्रामचा आवाज चढला.

"त्यांना सांगा, आत्ताच्या आत्ता गाडी बाजूला घ्या. घाट चढू नका. आणि तापलेली असेल तर झाकण उघडू नका, तोंडावर येईल." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि वहिनी, तुमच्या गाडीचं काय करायचं? निंबा विचारत होता."

"निंबाचं नको. आमचंच बांधा."

"म्हणजे आता विश्वास बसला माझ्यावर?"

"नाही. पण आता आत काय गेलं ते मला माहीत आहे."

रूपाचा फोन बंद लागला. तिच्या फोनची बॅटरी नेहमीच अर्ध्या वाटेत संपते. किरणचा संपर्काबाहेर. भूपेंद्रनं पुन्हा लावला, मोनालीनं पुन्हा लावला. सकाळी निघालेली गाडी आतापर्यंत धुळ्याच्या पुढे गेली असणार, साक्रीच्या आसपास. पुढे कोंडाईबारीचा घाट, आणि तिथे रेंज मिळेल याचा भरवसा नव्हता. मोनालीला ती बाभूळ आठवली. तिथे निदान भुसावळ जवळ होतं.

आबा तोटीखाली बसले होते. हातातला कॅन त्यांनी ओतून टाकला होता आणि नखानं तोटीवरचा थर खरवडत होते. निघत नव्हता तो. ताईबाई त्यांच्याजवळ उभ्या होत्या आणि बोलत नव्हत्या. 'मी सांगितलं होतं' हे आज तरी त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मोनालीला वाटून गेलं. तेवढ्यात आबांनी वर पाहिलं.

"ते तुमचं फोनातलं, सगळ्याले जाते ना? लिही त्याच्यात. माह्यं नाव घालून लिही. गावातल्या लीलाधरची गाडी बी आली होती परवा, उखर्डूच्या जावयाची बी. सगळ्याइले पाजलं मी."

भूपेंद्र म्हणाला, नाव कशाला, आबा. आबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते मोनालीकडे पाहत होते, आणि ती पाहत होती की ते नजर हलवत नाहीत.

तिनं रेवाला कडेवर घेतलं आणि एका हातानं लिहिलं. गावाच्या ग्रुपवर टाकलं, जळगावच्या सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या, पतपेढीच्या जुन्या मैत्रिणींच्या, सुरतेतल्या खानदेशी मंडळींच्या. लिहिलं ते असं:

"आखाजीला किंवा दिवाळीला आमच्या मळ्यात ज्यांची गाडी उभी होती, त्यांनी ती चालवू नका. रतिलाल आबांनी प्रेमानं रेडिएटरमध्ये ठिबकचं पाणी भरलं आहे, त्यात खत आणि ॲसिड आहे. त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आधी मेकॅनिकला दाखवा. आणि हे वाचणारे तुम्ही कोणीही असा, आज धुळे-साक्री-नवापूर रस्त्यावर तुम्ही किंवा तुमचं कोणी असेल, तर चॉकलेटी गाडी दिसते का बघा, मागच्या काचेवर हत्तीचा पडदा आहे. उभी असेल तर पुढे निघून जाऊ नका. आत माझी नणंद रूपा आहे, तिच्याजवळ लहान बाळ आहे. बॉनेटला हात लावू नका. आधी बाळाला सावलीत घ्या, आणि ते ठीक आहे का, एवढं मला कळवा."